अणुबाँबचे भय आणि लिओ झिलार्ड

अणुयुद्धाच्या कल्पनेने सामान्य माणूस घाबरला, की त्याची समजूत घालणाऱ्यांचा सूर बहुधा ठरलेला असतो. त्याला शास्त्र कळत नाही म्हणून तो भितो. थोडी माहिती दिली, सूचनांचे एखादे पत्रक वाटले, की त्याचे भय ओसरेल, असे धरून चालण्यात येते. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. शाळाशाळांतून मुलांना बाकाखाली शिरून मान झाकून घेण्याची कवाईत शिकविण्यात आली आणि त्यासाठी एका कासवाला नायक करून चित्रपटही काढण्यात आला. घरच्या तळघरात पाणी किती भरून ठेवावे, डबाबंद अन्न किती दिवसांचे असावे याचे हिशेब गृहिणींना पुरविण्यात आले. लिओ झिलार्ड यांचे चरित्र या सर्व समजुतीला छेद देणारे आहे. अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना प्रथम त्यांना सुचली आणि अणुबाँबच्या निर्मितीची चक्रे फिरू लागली तीही प्रामुख्याने त्यांच्याच धडपडीने. हा बाँब म्हणजे काय, हे ज्या मूठभर माणसांना पुरतेपणी कळले होते त्यांत ते अग्रभागी होते. आणि हाच माणूस आयुष्याचा बराच काळ हॉटेलच्या खोल्यांतून, बॅगा भरून ठेवून राहिला.

झिलार्ड यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८९८ रोजी बुडापेस्ट येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील अभियंता होते. लहानपणी, वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांच्या हाती इम्रे मदाच या हंगेरियन नाटककाराचे मनुष्यजातीच्या शोकांतिकेवरील नाट्यकाव्य पडले. सूर्य थंडावत चालला आहे, पृथ्वीवर थोडेसे एस्किमो तेवढे उरले आहेत, आणि त्यांच्यापुढची अडचण एवढीच की माणसे फार आणि सील मासे थोडे, असा त्याच्या अखेरच्या भागातील देखावा आहे. सारे काही संपत आल्यावरही आशेला किंचित जागा उरते, हा त्या पुस्तकातून घेतलेला अर्थ झिलार्ड यांनी पुढे जन्मभर जपला. दहा वर्षांच्या मुलाने इतके गंभीर पुस्तक वाचावे याचे नवल वाटेल. पण त्या काळच्या बुडापेस्टमधून विग्नर, फॉन नॉयमन, टेलर यांच्यासारखी मुले निघाली हेही ध्यानात घेतले पाहिजे.

पहिल्या महायुद्धात त्यांना सक्तीने सैन्यात जावे लागले. १९१८ च्या शरदात पलटण आघाडीवर निघण्याच्या सुमारास ते इन्फ्लुएंझाच्या साथीत सापडले आणि उपचारांसाठी घरी परतले. त्यांच्या मागे ती पलटण लढाईत जवळजवळ नाहीशी झाली. तापाने वाचविलेला हा तरुण युद्धानंतर हंगेरीत ज्यूविरोधी वारे वाहू लागताच बर्लिनला गेला. अभियांत्रिकी सोडून त्याने पदार्थविज्ञान धरले, फॉन लाउए यांच्या हाताखाली १९२२ मध्ये डॉक्टरेट मिळविली, आणि आइन्स्टाइन यांचा स्नेह संपादन केला. विषारी वायू गळून एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून या दोघांनी हलते भाग नसलेल्या शीतपेटीचा शोध लावला, त्याची पेटंटेही घेतली. ती शीतपेटी बाजारात कधीच आली नाही. एखादी बातमी वाचायची, तिच्यातला धोका इतरांच्या आधी हेरायचा आणि लगेच काहीतरी करायला निघायचे, हा झिलार्ड यांचा स्वभाव मात्र त्या प्रकरणातही दिसतो.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा बर्लिनमधील त्यांचे बहुतेक सहकारी निर्धास्त होते. सुसंस्कृत जर्मन लोक असला प्रकार फार दिवस चालू देणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती. झिलार्ड यांचे मत वेगळे होते. राजधानीतील संसदभवनाला आग लागली आणि त्यांनी सामान आवरून दोन बॅगा भरून ठेवल्या. फक्त कुलूप लावून निघायचे बाकी ठेवले. मार्चच्या अखेरीस ते व्हिएन्नाच्या गाडीत बसले. गाडी जवळजवळ रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी माणसांनी खचाखच भरली, सरहद्दीवर अडविली गेली, आर्येतर प्रवाशांना खाली उतरवून त्यांच्या झडत्या व जबान्या घेण्यात आल्या. जगात निभाव लागण्यासाठी इतरांहून फार शहाणे असावे लागत नाही, एक दिवस आधी निघाले तरी पुरते, असे झिलार्ड पुढे या प्रसंगाबद्दल सांगत.

हे वाक्य चतुर आहे, आणि त्याने झिलार्ड यांची एक बाजूच दिसते. स्वतः सुटल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. व्हिएन्नात त्यांची गाठ विल्यम बेव्हरिज यांच्याशी पडली. जर्मनीतून हाकलल्या जाणाऱ्या प्राध्यापकांना परदेशात कामे मिळवून देणारी जी संस्था त्या वर्षी लंडनमध्ये उभी राहिली, तिच्या उभारणीत झिलार्ड यांचा मोठा वाटा होता. स्वतःला नोकरी नसताना ते इतरांच्या नोकऱ्यांसाठी या शहरातून त्या शहरात हिंडत होते.

त्याच वर्षीच्या १२ सप्टेंबरला लंडनच्या वृत्तपत्रात रदरफर्ड यांच्या व्याख्यानाचा वृत्तांत आला. अणू फोडून शक्ती मिळविण्याच्या गोष्टी म्हणजे निव्वळ बाष्कळपणा, अशा अर्थाचे उद्गार त्या थोर शास्त्रज्ञाने काढले होते. एखादी गोष्ट अशक्य आहे असे अधिकारवाणीने सांगितलेले झिलार्ड यांना खपत नसे. साउदॅम्प्टन रो या रस्त्यावर सिग्नलपाशी थांबलेले असताना त्यांच्या मनात विचार आला की, एक न्यूट्रॉन गिळून दोन बाहेर टाकणारे मूलद्रव्य सापडले तर प्रक्रिया आपोआप वाढत जाईल. एकाचे दोन, दोनाचे चार. एच. जी. वेल्स यांची १९१४ सालची एक कादंबरी त्यांनी आदल्याच वर्षी वाचली होती आणि तिच्यात अणुबाँबने शहरे उद्ध्वस्त झाल्याचे वर्णन होते. त्यामुळे या कल्पनेचा शेवट कोठे होईल हे समजायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी १९३४ मध्ये पेटंट घेतले आणि ते उघडकीला येऊ नये म्हणून पुढे ब्रिटिश नौदलाच्या हवाली केले. शोधाचे श्रेय घेण्यासाठी पेटंट घेतात. झिलार्ड यांनी शोध लपविण्यासाठी घेतले.

ते मूलद्रव्य युरेनियम आहे, हे १९३९ च्या आरंभी जर्मनीतून आलेल्या अणुविखंडनाच्या वार्तेने स्पष्ट झाले. झिलार्ड तेव्हा अमेरिकेत होते. मित्राकडून दोन हजार डॉलर उसने घेऊन त्यांनी थोडे रेडियम भाड्याने मिळविले आणि ३ मार्च रोजी कोलंबिया विद्यापीठात वॉल्टर झिन यांच्यासह प्रयोग केला. पडद्यावर ठिणग्या उमटल्या, म्हणजे न्यूट्रॉन बाहेर पडत होते. जग आता दुःखाच्या वाटेला लागले, ही त्या रात्रीची त्यांची भावना त्यांनीच पुढे नमूद करून ठेवली आहे. हे संशोधन प्रसिद्ध करू नये म्हणून त्यांनी फर्मी यांना विनविले, पॅरिसला जोलिओ-क्युरी यांना लिहिले. फर्मी नाखुशीने राजी झाले. जोलिओ-क्युरी यांनी आपला निबंध एप्रिलमध्ये छापला. मग हिटलरच्या हाती हा बाँब प्रथम पडेल या भयाने झिलार्ड यांना ग्रासले. त्यांनी विग्नर यांना सोबत घेऊन लाँग आयलंडवर आइन्स्टाइन यांचे उन्हाळी घर शोधून काढले. झिलार्ड यांना मोटार चालविता येत नसल्याने दुसऱ्या खेपेला त्यांना टेलर यांनी नेले. अध्यक्ष रूझवेल्ट यांना पाठविलेले २ ऑगस्ट १९३९ चे सुप्रसिद्ध पत्र या भेटींतून निर्माण झाले. त्यावर सही आइन्स्टाइन यांची असली तरी मजकूर बव्हंशी झिलार्ड यांचा आहे.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या भयाने झिलार्ड यांना बर्लिनमधून वेळेवर बाहेर काढले, त्याच भयाने जगाला अणुबाँब दिला. जर्मनांचा बाँब पुढे कधीच झाला नाही. तो होणार नाही हे १९३९ मध्ये कोणी सांगू शकत नव्हते, म्हणून झिलार्ड यांना दोष देता येत नाही; पण भय नेहमीच शहाणा सल्ला देते असेही मग म्हणता येत नाही. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे फर्मी यांची अणुभट्टी यशस्वी झाली. लोक पांगल्यावर झिलार्ड यांनी फर्मी यांच्याशी हस्तांदोलन केले आणि मानवाच्या इतिहासात हा दिवस काळा म्हणून नोंदला जाईल, असे त्यांना सांगितले. प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्‌ज यांना हा परदेशी, बोलघेवडा, शिस्त न मानणारा माणूस इतका सलत होता, की त्यांना शत्रुदेशीय नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्याचा मसुदाही त्यांनी तयार केला. युद्धमंत्री स्टिमसन यांनी तो मान्य केला नाही. तरी पाळत राहिलीच.

जर्मनी हरणार हे दिसू लागताच झिलार्ड उलट दिशेने धावू लागले. रूझवेल्ट यांची भेट घेण्याची खटपट चालू असतानाच १२ एप्रिल १९४५ रोजी अध्यक्षांचे निधन झाले. नव्या राजवटीत त्यांना जेम्स बर्न्स यांच्याकडे धाडण्यात आले. थोड्याच दिवसांत परराष्ट्रमंत्री होणाऱ्या या गृहस्थांनी २८ मे रोजी स्पार्टनबर्ग येथील आपल्या घरी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. पण बाँबच्या धाकाने रशिया नरमेल, हा बर्न्स यांचा हिशेब होता. शस्त्रास्त्रांची शर्यत सुरू होईल हा झिलार्ड यांचा मुद्दा त्यांच्या गळी उतरला नाही. अखेरचा उपाय म्हणून झिलार्ड यांनी शास्त्रज्ञांचा अर्ज लिहिला: शरणागतीच्या अटी जाहीर केल्यावाचून आणि जपानने त्या नाकारल्यावाचून बाँब वापरू नये, आणि मग वापरायचा की नाही याचा निर्णयही नैतिक जबाबदारीचे भान ठेवून व्हावा, ही त्यातील मागणी होती. अर्जावर १७ जुलैची तारीख आहे. पहिला चाचणी-स्फोट आदल्या दिवशी झाला होता. सत्तर सह्या झाल्या. अर्ज लष्करी मार्गाने फिरत राहिला आणि ट्रूमन यांच्यापर्यंत वेळेत पोचला नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी जळाले.

युद्धानंतर झिलार्ड यांनी पदार्थविज्ञान जवळजवळ सोडून दिले आणि वयाच्या पन्नाशीला जीवशास्त्र हाती घेतले. अणुशक्तीचे नियंत्रण लष्कराच्या हाती जाऊ नये म्हणून १९४६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये मोठी खटपट केली आणि ती बऱ्याच अंशी फळली. त्यांच्या त्या काळातील उद्योगांपैकी एक विलक्षण आहे. फेब्रुवारी १९५० मध्ये नभोवाणीवरील एका चर्चेत त्यांनी सांगितले की, हायड्रोजन बाँबभोवती कोबाल्टसारख्या धातूचे वेष्टन घातले तर त्याची किरणोत्सारी धूळ वर्षानुवर्षे टिकेल आणि पृथ्वीवरील सर्व माणसांचा अंत करता येईल. असा बाँब करा असे ते अर्थातच सुचवीत नव्हते. शस्त्रस्पर्धेची वाट कोठे जाते हे त्यांना दाखवायचे होते. श्रोत्यांनी काय घेतले ते उघड आहे: लोक आणखी घाबरले. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटावरील चाचणीची पांढरी राख एका जपानी मच्छीमारी नौकेवर पडली, तिच्यावरील २३ खलाशी आजारी झाले आणि त्यांतला एक सप्टेंबरमध्ये मरण पावला. धूळ किती दूर जाते हे त्यानंतर कोणाला शिकवावे लागले नाही. त्या चाचणीनंतर महिनाभरात पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या स्थगित करण्याची मागणी केली. रसेल आणि आइन्स्टाइन यांच्या १९५५ च्या पत्रकातून शास्त्रज्ञांच्या ज्या परिषदा सुरू झाल्या, त्यांतील पहिली नवी दिल्लीत भरायची होती. सुवेझच्या पेचप्रसंगामुळे तो बेत फसला आणि ती जुलै १९५७ मध्ये कॅनडातील पगवॉश या खेड्यात भरली. झिलार्ड तिला हजर होते आणि पुढच्या परिषदांनाही जात राहिले.

बर्लिनच्या प्रश्नावरून तणाव वाढला आणि २५ जुलै १९६१ रोजी केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून नागरिकांना निवाऱ्यांची सिद्धता करण्यास सांगितले. मग अमेरिकेत घराच्या परसात भुयारी निवारे बांधण्याची एकच लाट उसळली. बांधकामाचे ठेकेदार, डबाबंद अन्नाचे व्यापारी यांना बरकत आली. निवाऱ्यात जागा बेताची. तेव्हा शेजारी आत घुसू लागला तर त्याच्यावर बंदूक रोखावी काय, हा प्रश्न गंभीरपणे चर्चिला गेला, आणि एका जेझुइट धर्मगुरूने एका साप्ताहिकात स्वसंरक्षणाचा तो हक्क मान्यही केला. अणुबाँबने माणसाच्या मनाचे काय केले हे समजण्यासाठी हिरोशिमाचे फोटो पाहण्याची गरज नाही. न पडलेल्या बाँबने शेजाऱ्याशेजाऱ्यांत हे एवढे घडविले. अणुशक्ती आयोगाचे माजी सदस्य आणि १९६० चे नोबेल पारितोषिक विजेते विलर्ड लिबी यांनी तर आपल्या लॉस एंजेलिस येथील घरी रेल्वेचे स्लीपर आणि वाळूची पोती वापरून तीस डॉलरांत निवारा केला आणि गरिबालाही अणुहल्ल्यातून वाचता येते, असे वृत्तपत्रांतून लिहिले. नोव्हेंबरमध्ये त्या भागात वणवा पेटला आणि त्यात हा निवाराही जळून गेला. देव आहे एवढेच नव्हे, त्याला विनोदबुद्धीही आहे हे यावरून सिद्ध झाले, असा शेरा झिलार्ड यांनी मारला.

निवाऱ्यावर विश्वास नसलेल्या माणसापुढे दोनच मार्ग उरतात. युद्ध होऊ न देणे, किंवा ते होईल तेथून दूर असणे. झिलार्ड यांनी दोन्ही धरले. १९६० मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाने ते न्यूयॉर्कच्या इस्पितळात होते; डॉक्टर असलेल्या पत्नीच्या साहाय्याने स्वतःच्या किरणोपचाराची आखणी त्यांनी स्वतःच केली होती. त्या शरदात ख्रुश्चेव्ह संयुक्त राष्ट्रसंघाच्या बैठकीसाठी आले असता ५ ऑक्टोबर रोजी झिलार्ड यांना त्यांची भेट मिळाली. पंधरा मिनिटांची मुलाखत दोन तास चालली. झिलार्ड यांनी त्यांना दाढीचे एक साधे यंत्र भेट दिले, आणि युद्ध होत नाही तोवर पाती पुरवीत राहू, असे सांगितले. युद्ध झाले तर आपण दाढी करणेच सोडून देऊ, बहुतेक लोकही सोडतील, असे ख्रुश्चेव्ह उत्तरले. याच भेटीत वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट दळणवळणाची सोय असावी, ही सूचना झिलार्ड यांनी मांडली आणि ख्रुश्चेव्ह यांना ती पसंत पडली. ही कल्पना आणखीही काहींनी मांडली होती, सारे श्रेय झिलार्ड यांना देणे बरोबर नव्हे. परंतु सरकारी पद नसलेला एक आजारी गृहस्थ ती थेट रशियाच्या सत्ताधीशापुढे मांडतो आणि त्याची संमती घेऊन येतो, हे थोडे नाही.

१९६१ च्या आरंभापासून झिलार्ड दांपत्य वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात राहत होते. तेथून ते सिनेटर, संपादक, मुत्सद्दी यांना फोन करीत. त्या वर्षाच्या अखेरीस विद्यापीठांतून व्याख्याने देत त्यांनी एक योजना मांडली. युद्धाची धास्ती वाटणाऱ्या मध्यमवर्गीयांनी आपल्या उत्पन्नातील शेकडा दोन टक्के रक्कम द्यावी आणि ती निःशस्त्रीकरणास अनुकूल अशा सिनेटच्या उमेदवारांच्या निवडणुकीसाठी खर्चावी. भुयारात पाण्याचे पिंप साठविणाऱ्या माणसाच्या भयाला त्यांनी एक राजकीय काम दिले. १९६२ मध्ये या योजनेतून त्यांची संघटना उभी राहिली. तिच्या पाठिंब्याने त्या वर्षी निवडून आलेल्यांत दक्षिण डाकोटाचे जॉर्ज मॅकगव्हर्न होते. त्यांचे मताधिक्य अवघे ५९७ होते.

त्याच शरदात २२ ऑक्टोबरला केनेडी यांनी क्यूबातील रशियन क्षेपणास्त्रांची वार्ता देशाला सांगितली. झिलार्ड यांनी बॅगा उचलल्या आणि दोन-तीन दिवसांत पत्नीसह जिनिव्हा गाठले. तेथील युरोपीय अणुसंशोधन केंद्राचे संचालक व्हिक्टर वाइसकोप्फ हे त्यांचे जुने स्नेही. त्यांच्या कचेरीत शिरून झिलार्ड यांनी आपण अमेरिकेतून आलेले पहिले निर्वासित असल्याचे सांगितले. वॉशिंग्टनमध्ये त्यांची संघटना अवघ्या काही महिन्यांची होती, तिचे काम रोज वाढत होते, आणि संस्थापक समुद्रापार निघून गेला होता. याचे समर्थन करणे सोपे नाही. ज्यांना त्यांनी दोन टक्के द्यायला सांगितले होते त्या शिक्षकांना, कारकुनांना जिनिव्हाचे तिकीट काढणे शक्य नव्हते. ते आपापल्या घरी रेडिओपाशी बसून राहिले. एक दिवस आधी निघण्याची युक्ती बर्लिनमध्ये पुरली होती, कारण तेव्हा पळून जायला जग शिल्लक होते. कोबाल्टच्या धुळीचे गणित नभोवाणीवर मांडणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? तरीही ते निघाले. तर्क आणि भय या दोन गोष्टी एकाच डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, एवढाच त्याचा उलगडा होऊ शकतो.

मात्र त्यांचे भय अवास्तव होते, असे मुळीच नव्हे. तेव्हा अनेकांना ते हास्यास्पद वाटले असेल; पुढे बाहेर आलेल्या माहितीने ते हसू पुसले गेले. लढाईत वापरायची लहान अण्वस्त्रे रशियाने आधीच क्यूबात उतरविली होती, याचा अमेरिकेला पत्ता नव्हता. हे हवानातील १९९२ च्या परिषदेत उघड झाले. २७ ऑक्टोबरला अमेरिकन युद्धनौकांनी कोंडीत पकडलेल्या एका रशियन पाणबुडीवर अणुटॉर्पेडो होता, आणि तो न सोडण्याच्या निर्णयात वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याचा वाटा होता, हेही बऱ्याच वर्षांनी कळले. त्या आठवड्यात केनेडी व ख्रुश्चेव्ह यांचे संदेश एकमेकांना पोचायला कित्येक तास लागत होते. २० जून १९६३ रोजी थेट दळणवळणाच्या करारावर सह्या झाल्या आणि ३० ऑगस्टला ती व्यवस्था सुरू झाली. लोकांच्या कल्पनेत तो लाल टेलिफोन असला तरी प्रत्यक्षात ते टेलिप्रिंटर होते. तोंडी बोलण्यात गैरसमज होतो, लिहिलेले पुन्हा वाचता येते, हा त्यामागचा विचार. भारत आणि पाकिस्तान यांनी परराष्ट्र सचिवांमध्ये अशीच थेट सोय ठेवण्याचे ठरविले ते २००४ च्या जूनमध्ये, दोघांच्या अणुचाचण्यांना सहा वर्षे होऊन गेल्यावर.

जिनिव्हात झिलार्ड रिकामे बसले नव्हते. वाइसकोप्फ, केंड्र्यू आणि वॉटसन यांच्याशी त्यांची जी चर्चा झाली तिच्यातून युरोपातील रेणू-जीवशास्त्रज्ञांची संघटना पुढे आकाराला आली. पेचप्रसंग निवळल्यावर ते वॉशिंग्टनला परतले आणि पुन्हा त्याच हॉटेलातून फोन करू लागले. १९६४ च्या फेब्रुवारीत ते कॅलिफोर्नियातील ला होया येथे, योनास साल्क यांच्या नव्या संस्थेत रुजू झाले. त्या संस्थेच्या आखणीत आरंभापासून त्यांचा सहभाग होता. कर्करोग बरा झाला होता. ३० मे १९६४ रोजी पहाटे झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९९८ मध्ये, त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांच्या रक्षेचा एक भाग बुडापेस्टला नेऊन केरेपेशी दफनभूमीत ठेवण्यात आला.